काजळीच्या डागातून जन्मलेली नॅनो-लेखणी: इलेक्ट्रॉनच्या झोताने धातू ‘लिहितात’ तरी कसा?

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करणाऱ्यांना एक काळा चौकोन चांगलाच ओळखीचा असतो. नमुन्याची एखादी जागा खूप मोठी करून पाहायची, तिथेच चार-दोन मिनिटं रेंगाळायचं आणि मग झूम कमी करायचं. आत्ता जेवढी जागा पाहत होतो, बरोबर तेवढ्याच जागेवर गडद चौकोन उमटलेला दिसतो. नमुना जणू पाहता पाहता मळला.

हा मळ म्हणजे बहुतेक करून कार्बन. पंपातल्या तेलाची वाफ, ग्रीस, नमुना हाताळताना लागलेला बोटांचा तेलकटपणा, यातले थोडेसे रेणू मायक्रोस्कोपच्या निर्वात कक्षात उरतातच. ते नमुन्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात, इलेक्ट्रॉनचा झोत त्यांना फोडतो आणि कार्बन मागे राहतो. पणतीच्या ज्योतीवर वाटी धरली की काजळ धरतं, तसाच प्रकार. फक्त इथे ज्योत नाही, इलेक्ट्रॉन आहेत. आणि काजळी वाटीभर पसरत नाही, झोत जिथे पडतो तिथेच बसते.

या शेवटच्या वाक्यातच सगळी गंमत आहे. काजळी ‘जिथे झोत पडतो तिथेच’ बसत असेल, तर झोत हवा तसा फिरवून हवी ती आकृती काढता येईल की! आणि तेलाच्या वाफेऐवजी धातू असलेला वायू आत सोडला तर? मग काजळीऐवजी धातूची रेघ उमटेल. या तंत्राला म्हणतात ‘फोकस्ड इलेक्ट्रॉन बीम इंड्यूस्ड डिपॉझिशन’, थोडक्यात ‘फेबिड’. आज मोबाइलमधली चिप बनवण्याच्या साखळीत त्याला एक महत्त्वाची जागा आहे. पण त्यात एक जुनी अडचणही आहे. ज्या कार्बनमुळे ही कल्पना सुचली, तो कार्बन अजून पाठ सोडायला तयार नाही.

हे सुरू कधी झालं?

इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली पृष्ठभागावर थर साचतो, याची नोंद १९३४ मध्येच आर. एल. स्ट्यूअर्ट यांनी केली होती. त्यानंतर कित्येक वर्षं हा प्रकार म्हणजे डोकेदुखीच मानला गेला. चांगले पंप वापरा, कक्ष स्वच्छ ठेवा, नमुन्याला हात लावू नका, असे उपाय चालत राहिले.

मग काही जणांनी उलटा विचार केला. १९७६ मध्ये आयबीएममधल्या अ‍ॅलेक ब्रोअर्स आणि सहकाऱ्यांनी याच कार्बनच्या मळाचा आवरणासारखा वापर केला. धातूच्या पातळ थरावर त्यांनी झोताने मळाची रेघ ओढली आणि उघडा राहिलेला धातू काढून टाकला. रेघेखाली झाकलेला धातू तेवढा वाचला. त्यातून फक्त ८ नॅनोमीटर रुंदीच्या धातूच्या रेघा मिळाल्या. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे एका केसाच्या रुंदीत अशा १० हजार रेघा मावतील.

पुढे १९८० च्या दशकात जपानमध्ये शिन्जी मात्सुई आणि जर्मनीत हान्स कूप्स यांच्यासारख्या संशोधकांनी धातू असलेले वायू मुद्दाम कक्षात सोडून झोताखाली थेट धातूचे थर बसवायला सुरुवात केली. डाग आता लेखणी झाला होता.

नेमकं घडतं काय?

यंत्र म्हणजे मुळात एक स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच. त्यात एक बारीक सुई जास्तीची बसवलेली असते. सुईचं टोक नमुन्याच्या अगदी जवळ आणतात आणि तिच्यातून वायूची हलकीशी फुंकर सोडतात.

या वायूला ‘प्रिकर्सर’ म्हणतात. तो धातूला पाठीवर घेऊन येणारा हमाल समजा. धातूचा एकटा अणू सहजासहजी वायू होऊन उडत नाही. टंगस्टन वितळवायलाच ३४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. पण त्याच टंगस्टनच्या अणूभोवती कार्बन मोनॉक्साइडचे सहा रेणू बांधले, की बनणारं संयुग निर्वातात सहज वाफ होतं. प्लॅटिनमसाठी वेगळा हमाल आहे. त्याच्या एका रेणूत प्लॅटिनमचा १ अणू, कार्बनचे ९ आणि हायड्रोजनचे १६ अणू असतात.

हे रेणू नमुन्यावर येतात, क्षणभर चिकटतात, थोडे इकडेतिकडे सरकतात आणि पुन्हा उडून जातात. चिकटलेले असतानाच त्यांना इलेक्ट्रॉनचा धक्का बसला, तर बंध तुटतात. हलके तुकडे वायू होऊन पंपाकडे निघून जातात. जड धातू जागेवर राहतो. त्यावर नवे रेणू येऊन बसतात, तेही फुटतात, आणि थरावर थर चढत जातो.

आता एक बारकावा. झोतातले इलेक्ट्रॉन खूप ऊर्जेचे असतात, साधारण ५ ते ३० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रेणूतला बंध तोडायला मात्र काही मोजके इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. मग झोतातले हे वेगवान इलेक्ट्रॉनच बहुतेक रेणू फोडतात का? नाही. ते इतक्या वेगात असतात की चिकटलेल्या रेणूशी त्यांची गाठ फारशी पडत नाही. ते सरळ आत घुसतात. आत घुसताना ते पदार्थातून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर उडवतात. हे ‘दुय्यम’ इलेक्ट्रॉन ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे असतात आणि रेणू फोडण्याचं बरंचसं काम तेच करतात.

याचा थेट परिणाम आकारावर होतो. झोत कितीही बारीक केला, तरी दुय्यम इलेक्ट्रॉन त्याच्या थोडं आजूबाजूनेही बाहेर पडतात. म्हणून रेघ झोतापेक्षा जाड उमटते. शिवाय काही वेगवान इलेक्ट्रॉन आत आपटून मागे फिरतात आणि बऱ्याच लांबून बाहेर येतात. तिथेही थोडा थर बसतो. शाई टिपकागदावर फुटावी तसं एक पुसटसं वलय रेघेभोवती तयार होतं.

मग नेहमीच्या पद्धतीत काय वाईट आहे?

काहीच नाही. चिप बनवण्यासाठी वापरतात ती लिथोग्राफी म्हणजे रांगोळीच्या छापासारखी आहे. छाप एकदा तयार झाला की त्यावरून हात फिरवायचा, अख्खी नक्षी एका दमात उमटते. फेबिड म्हणजे चिमटीतून सोडलेली रांगोळी. एकेक रेघ हाताने ओढायची. वेळ लागतो, पण छाप लागत नाही आणि जमीन सपाट असायलाच हवी असंही नाही.

लिथोग्राफीत आधी पृष्ठभागावर विशिष्ट रसायनाचा थर द्यावा लागतो, मग तो उजळायचा, धुवायचा, धातू चढवायचा आणि नको तो भाग काढायचा. सुईच्या टोकावर किंवा आधीच तयार असलेल्या उपकरणाच्या मधोमध हे सगळं करणं फार अवघड. फेबिडमध्ये आधी त्याच मायक्रोस्कोपने जागा पाहायची, वायू सोडायचा, लिहायचं आणि लगेच तपासायचं.

वेगाचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. समजा, धातूचा एक खांब सेकंदाला ५० नॅनोमीटर या वेगाने वाढतोय. १ मायक्रोमीटर उंचीच्या खांबाला २० सेकंद लागतील. एकच हवा असेल तर उत्तम. पण असे १० लाख खांब हवे असतील तर एकामागून एक बांधायला २ कोटी सेकंद, म्हणजे २३० दिवसांहून जास्त लागतील. आजच्या चिपवर तर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यामुळे फेबिडने कोणी चिप छापायला बसत नाही. एकाच जागेचं, पण अत्यंत नाजूक काम असेल तिथेच ते कामाला येतं.

झोत वाढवला तर वेग वाढेल ना?

एका मर्यादेपर्यंत. १०० पिकोअँपिअर हा मायक्रोस्कोपसाठी अगदी साधा प्रवाह. त्यातही सेकंदाला सुमारे ६२ कोटी इलेक्ट्रॉन एका ठिपक्यावर पडत असतात. तिथे चिकटलेले रेणू पाहता पाहता संपतात. नवे रेणू यायला वेळ लागतो. ते येईपर्यंत पडणारे इलेक्ट्रॉन वाया जातात किंवा आधीच साचलेल्या थरावरच आदळत राहतात.

घराला पाणी देणाऱ्या टाकीसारखं हे आहे. खाली नळ कितीही मोठा बसवा, वर पाणी करंगळीएवढ्या धारेनेच येत असेल तर तेवढंच मिळणार. म्हणून झोत एका जागी फार वेळ थांबवत नाहीत. क्षणभर थांबायचं, पुढच्या ठिपक्यावर जायचं, आणि पहिल्या जागी नवे रेणू येऊन बसले की परत यायचं. किती वेळ थांबायचं आणि किती वेळाने परतायचं, यावर थराचा आकार आणि त्यातलं धातूचं प्रमाण दोन्ही ठरतं.

हवेत तरंगणारी शिल्पं

झोत एका जागी ठेवला तर खांब सरळ वर वाढतो. तोच हळूहळू बाजूला सरकवला, तर खांबाचं टोक त्याच्यामागे तिरकं वाढत जातं. सरकण्याचा वेग कमी तर चढ उभा, वेग जास्त तर उतार आडवा. फारच घाई केली तर टोकाला झोत गाठता येत नाही, धागा तुटतो आणि रेघ खाली जमिनीवर पडते.

या एका युक्तीने जाळ्या, कमानी, मळसूत्रं बांधता येतात. पण अंदाजपंचे करून भागत नाही. धागा लांबत गेला की टोकाला साचणारी उष्णता खाली जायला वेळ लागतो. तापलेल्या टोकावर रेणू कमी वेळ टिकतात आणि वाढ मंदावते. म्हणजे सुरुवातीला बरोबर असलेला वेग शेवटी चुकीचा ठरतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी संगणकावर आधी वाढीचं गणित मांडून, त्यानुसार झोत चालवून ठरवलेल्या आकाराच्या त्रिमितीय रचना बांधून दाखवल्या.

कोबाल्टसारखा चुंबकीय धातू वापरला तर याला आणखी अर्थ येतो. कोबाल्टची दोन मळसूत्रं एकमेकांभोवती गुंफून, डीएनएच्या आकाराची चुंबकीय रचना युरोपातल्या संशोधकांनी बनवली आहे. सपाट पट्टीत जे चुंबकीय नमुने तयार होत नाहीत, ते अशा वळणदार आकारात तयार होतात. माहिती साठवण्याच्या नव्या पद्धती यातून मिळतील का, हा सध्या संशोधनाचा विषय आहे.

आणि लहानात लहान किती?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये टंगस्टनच्या वायूपासून सरासरी १ नॅनोमीटर व्यासाचे ठिपके काढले. इतक्या लहान ठिपक्यात अगदी मोजक्या रेणूंचा ऐवज असतो. इथे एक वेगळीच अडचण येते. दोन ठिपक्यांना तंतोतंत सारखेच इलेक्ट्रॉन दिले, तरी एकात दोन रेणू जास्त फुटतात, दुसऱ्यात दोन कमी. हजारो रेणूंच्या ठिपक्यात हा फरक जाणवत नाही. मोजक्या रेणूंच्या ठिपक्यात मात्र तो उघड दिसतो. यंत्र कितीही सुधारलं तरी हा फरक पूर्ण जाणार नाही, कारण तो योगायोगाचा आहे.

आता मूळ दुखणं: याला धातू म्हणायचं का?

प्लॅटिनमच्या वायूने काढलेली रेघ तपासली, तर तिच्या १०० अणूंमध्ये प्लॅटिनमचे साधारण १५ ते २० अणू निघतात. बाकीचा बहुतेक कार्बन. हमालाने ओझं तर आणलं, पण स्वतःही तिथेच मुक्काम ठोकला. इलेक्ट्रॉनच्या धक्क्याने रेणूचे काही तुकडे उडून जातात, उरलेले तुकडे तिथेच एकमेकांना चिकटून घट्ट होतात.

आतलं चित्र काहीसं राजगिऱ्याच्या लाडवासारखं असतं. प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे दाणे, आणि त्यांना धरून ठेवणारा कार्बनचा गूळ. विजेला एका दाण्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जावं लागतं. त्यामुळे अशा रेघेचा विद्युतरोध शुद्ध प्लॅटिनमच्या हजारो ते लाखो पट असू शकतो. तार म्हणून ती जवळजवळ निरुपयोगी.

सगळ्या धातूंची गत अशी नाही. कोबाल्टचा प्रिकर्सर मुळातच नाजूक आहे. कोबाल्टच्या अणूंना धरलेले कार्बन मोनॉक्साइडचे रेणू पटकन सुटून जातात. स्पेनमधल्या झारागोझाच्या गटाने योग्य परिस्थितीत ९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध कोबाल्ट मिळवून दाखवला. पण नाजूकपणाची किंमत असते. असा रेणू झोत नसलेल्या जागीही आपोआप फुटू शकतो आणि नको तिथे थर बसतो. शिवाय धातूंची ही कार्बोनिल संयुगं विषारी असतात. ती काळजीपूर्वकच हाताळावी लागतात.

प्लॅटिनमसाठी वेगळा उपाय निघाला: आधी लिहायचं, मग धुवायचं. धुवायला पाण्याची वाफच वापरतात. रेघ तयार झाली की कक्षात थोडी वाफ सोडायची आणि त्याच जागेवर पुन्हा झोत फिरवायचा. पाण्याचे रेणू फुटतात, त्यांचे तुकडे कार्बनशी अभिक्रिया करतात आणि कार्बन वायू होऊन निघून जातो. ग्राझच्या गटाने २०१४ मध्ये हे कमी तापमानावर करून दाखवलं. ऑक्सिजन वापरूनही असंच शुद्धीकरण जमतं.

पण लाडवातला गूळ काढून घेतला तर लाडू बसणारच. कार्बन गेला की रचना आकसते. सपाट रेघेचं निभावतं. हवेत उभी असलेली नाजूक जाळी मात्र वाकू शकते. म्हणून शुद्धता आणि आकार दोन्ही एकाच वेळी सांभाळणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात कठीण काम राहिलं आहे. यावर दोन बाजूंनी प्रयत्न चालू आहेत. एक, पाण्याची वाफ लिहितानाच सोडायची. दुसरा, या कामासाठी मुद्दाम नवे रेणू घडवायचे. आजवरचे बरेचसे प्रिकर्सर मुळात उष्णतेने फुटावेत म्हणून बनवलेले होते, इलेक्ट्रॉनने नव्हे. उष्णतेने स्वच्छ फुटणारा रेणू इलेक्ट्रॉनने तसाच फुटेल, याची काही खात्री नाही.

आणि कुणाचं अडतं तिथे दुसऱ्याचं फावतं. दाण्यांमधलं अंतर किंचित जरी बदललं तरी विजेची उडी सोपी किंवा अवघड होते, विद्युतरोध लगेच बदलतो. म्हणजे अशी ‘अशुद्ध’ रेघ ताण मोजायला उत्तम. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या संशोधकांनी याच गुणावर आधारित सूक्ष्म ताणमापक बनवले आहेत.

रोजच्या वापरात हे कुठे आहे?

सर्वात मोठं काम म्हणजे चिपच्या छापाची दुरुस्ती. चिप छापताना ‘मास्क’ नावाचा मूळ साचा वापरतात. मास्कवर एखादी रेघ तुटली असेल, तर तोच दोष त्यावरून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपमध्ये उतरतो. सर्वात प्रगत चिपसाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. त्यासाठी लागणारे मास्क बनवायला अतिशय महाग असतात. एका ठिपक्यापायी असा मास्क फेकून देणं परवडत नाही.

मग इलेक्ट्रॉनचा झोत नेमका त्या दोषावर नेतात. पदार्थ कमी पडला असेल तर वायू सोडून तिथे भर घालतात. जास्तीचा असेल तर वेगळा वायू सोडून, त्याच झोताने तेवढाच भाग खरवडून काढतात. जर्मनीची कार्ल झाइस कंपनी अशी यंत्रं बनवते. गॅलियम आयनांच्या झोतानेही दुरुस्ती करता येते, पण जड आयन पृष्ठभाग ओरबाडतात आणि स्वतः आत रुतून बसतात. इलेक्ट्रॉन हलके असल्याने ही इजा टळते.

दुसरा वापर भारतातल्या अनेक मोठ्या संशोधन संस्थांमध्येही नेहमीचा आहे. धातूचा किंवा चिपचा १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ काप काढून आत काय आहे ते पाहायचं असतं. काप आयनांच्या झोताने काढतात, पण त्याच झोताने वरचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. म्हणून आधी इलेक्ट्रॉनने प्लॅटिनमचा पातळ थर चढवून तो भाग झाकून घेतात. इथे थरात कार्बन किती, याची फारशी फिकीर कोणाला नसते. झाकण टिकलं की काम झालं.

तिसरा वापर सूक्ष्म सुयांचा. पृष्ठभाग चाचपून पाहणाऱ्या मायक्रोस्कोपच्या सुईवर आणखी बारीक टोक वाढवता येतं. ते चुंबकीय धातूचं असेल तर चुंबकत्व तपासता येतं.

पुढच्या वेळी फोटो दिसला तर

‘केसाहून हजारपट बारीक प्लॅटिनमचा मनोरा’ असे फोटो समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. फोटो बहुधा खरेच असतात. फक्त तीन गोष्टी विचारून पाहाव्यात.

पहिली: धातू किती टक्के? आणि हे टक्के अणूंचे की वजनाचे? १५ अणू प्लॅटिनम आणि ८५ अणू कार्बन असलेला थर घ्या. प्लॅटिनमचा अणू कार्बनच्या अणूपेक्षा १६ पट जड असतो, त्यामुळे वजनाने हाच थर ‘७४ टक्के प्लॅटिनम’ भरतो. दोन्ही आकडे खरे, पण ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहणारं चित्र अगदी वेगळं.

दुसरी: शुद्ध केल्यानंतर आकार तसाच राहिला का? मोजमाप धुण्याआधीचं आहे की नंतरचं?

तिसरी: एक बनवायला किती वेळ लागला? एकच नग लागणार असेल, तर तासभरही चालेल. लाखो लागणार असतील, तर बातमीतला ‘उद्याचा मोबाइल’ अजून बराच लांब आहे. तुमच्या हातातल्या मोबाइलच्या चिपचा साचा दुरुस्त करायला मात्र हेच तंत्र कामाला आलेलं असू शकतं.